तुडुम नसलेलं पाणी

“जवाईबापू, तुडुम कोनं खोललं?”

माझे सासरे शालीकराम समुद्रासमोर उभे राहून विचारत होते, आणि विचारत होते मला. आता मी गोंदियाजवळच्या कुडव्यात बिछायत केंद्र चालवणारा माणूस. गाद्या, सतरंज्या, शामियाना, स्वयंपाकाचे मोठाले गंज. लग्न असो की तेरवी, फोन करा, माल दारात हजर. समुद्राचं मला काय कळतं? मीही तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंदमानातल्या त्या लहानशा टापूवर उतरलो, तेव्हा पाणी नारळाच्या झाडांपर्यंत चढलेलं होतं. सकाळी चहा पिऊन येतो तर पाणी गायब. नजर जाईल तिथवर काळे खडक, शेवाळ, मधेमधे डबकी, आणि खरं पाणी पार तिकडे लांब, एका पांढऱ्या रेघेएवढं उरलेलं.

तुडुम म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेर फार कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. केशोरीकडे माझ्या सासुरवाडीला मोठा मालगुजारी तलाव आहे. त्यातून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं जे तोंड असतं, ते तुडुम. ते उघडायचं आणि बंद करायचं एकट्या पाणकराने. दुसऱ्या कुणी हात लावला तर गावात डोकी फुटतात. माझे सासरे पाणकर, त्यांचे वडील पाणकर, आणि त्यांच्या हिशेबाने जगात कुठेही पाणी उतरलं, तर ते कुणीतरी उतरवलेलं असतं.

“मामाजी, हा समुद्र आहे. याला तुडुम नसते.”

“मंग पानी गेलं कुठी?”

 भरती-ओहोटी हे शब्द शाळेत पाठ केले होते, पण पाणी जातं कुठे हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

“गेलं तं बरंच झालं,” सासरे म्हणाले. “आता तळ दिसन.” आणि त्यांनी धोतर वर खोचायला सुरुवात केली.

आम्ही तिथे हवा खायला गेलो नव्हतो. माझा साळा संजू त्या टापूवर एका हॉटेलात आचारी होता. दहावीत दोनदा आपटला, मग बापाने म्हटलं, चल माझ्यासोबत तलावावर. पोरगा म्हणाला, मला नाही पाणकर व्हायचं, जन्मभर लोकांच्या शिव्या खायला. ठेकेदाराबरोबर गेला तो आधी पोर्ट ब्लेअरला भांडी घासत, मग टापूवर कढईशी. तिथलाच होऊन बसला. दर मंडईला घरी येतो म्हणायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटक असतं, लेकीबाळी माहेरी येतात, जावयांचा मान असतो. संजू मात्र दरवेळी सीझनचं कारण सांगायचा. ज्या दिवसांत आमच्याकडे मंडई, त्याच दिवसांत त्याच्याकडे पर्यटक. उलट बापालाच बोलवायचा. “बाबा, एक डाव या ना. समुद्र पाहाले या.”

“पानी पाहाले इतल्या दूर कायले येऊ?” सासरे फोनवर ओरडायचे. त्यांना वाटायचं, अंतर जास्त म्हणून ओरडावं लागतं. “माह्या तलावात का कमी हाय?”

मग एका सकाळी हॉटेलच्या मालकाचा फोन मला आला. संजू रोज काम संपलं की पोहायला जायचा. त्या संध्याकाळीही गेला. वाळूवर कपडे आणि चपला सापडल्या. बोटी फिरल्या, कोस्ट गार्डवाले येऊन गेले. काही नाही. मालक म्हणाला, “आप लोग आ जाइए, बाकी क्या बोलूँ.”

हे सासऱ्यांना मी सांगितलं. बायकोने, रुचिने, ते माझ्यावरच सोपवलं. मला वाटलं म्हातारा कोसळेल. ते कोसळले नाहीत. त्यांनी विचारलं, “वारा कोन्या अंगाचा होता?”

 हा प्रश्न सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. तलावात कुणी बुडालं की पोलीस आधी शालीकराम पाणकराच्या दारात येतात. ते वारा विचारतात, पाणी किती चढलंय ते पाहतात, आणि सांगतात, उद्या सकाळी सलंगीच्या अंगाने वर येईल. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट. आणि मढं तिथेच वर येतं. मग दुसरं कुणी पुढे होत नाही, हेच छातीभर पाण्यात उतरतात, खांद्याला धरून काठावर आणतात, आपल्या पंच्याने तोंड पुसतात. त्यानंतर त्या दिवशी गावातलं कुणी त्यांच्या हातचा चहा घेत नाही. ते मागतही नाहीत कुणाला. एवढी सेवा केली म्हणून त्यांचं नाव कुठे लागलं नाही आणि सत्कारही झाला नाही.

“चला,” ते म्हणाले. “वर येईनच. पानी कोनाले ठेवून घेत नाही.”

निघताना सासूबाई, धनवंताबाई, दारात उभ्या होत्या. डोळे कोरडे. त्यांनी नवऱ्याचा नाही, माझा हात धरला. “जवाईबापू, पोराले आनजा. जसा असन तसा आनजा. खाली हातानं येऊ नोका.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो! पण ते हो म्हणजे जबान झाली, आणि हावडा गाडीत, विमानात, बोटीत, सगळीकडे ती माझ्या छातीवर धोंड्यासारखी बसून होती. म्हाताऱ्याचं मला माहीत नाही. त्यांनी विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं आणि एवढंच विचारलं, “हे सारं एकच पानी व्हय?”

टापू म्हणजे एक बाजार, एक धक्का, चारदोन डांबरी रस्ते आणि बाकी नारळ-सुपारी. भाड्याच्या स्कुट्या, शहाळ्यांचे ढीग, पाण्याखाली नेऊन मासे दाखवणाऱ्यांच्या पाट्या. वस्ती सगळी बंगाली, हिंदी मात्र आपल्या गोंदियासारखीच वेडीवाकडी, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. नव्याने लग्न झालेली जोडपी जिकडे तिकडे. कोपरापर्यंत चुडे भरलेल्या पोरी आणि त्यांचे फोटो काढून काढून थकलेले नवरे. संजूच्या हॉटेलच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, ‘नागपुरी तर्री पोहा’. ते संजूनेच सुरू केलं, मालक सांगत होता. रडवेला झाला होता बिचारा. आता तो पोहा दुसरं कुणीतरी करत होतं. आम्हाला वाढला. सासऱ्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि बशी बाजूला सारली. “तर्री अशी नसते,” म्हणाले. मी मुकाट्याने दोन्ही बश्या संपवल्या. भूक लागली होती, आणि त्याची मला लाजही वाटत होती.

तर त्या सकाळी पाणी उतरलेलं पाहून म्हातारा धोतर खोचून खडकांत शिरला.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला कळत होतं. वैशाखात तलाव आटला की गावाचं वर्षभराचं हरवलेलं सगळं सापडतं. बायांचे पाणी भरायचे गुंड, विळे, कुणाची अंगठी, कुणाच्या सायकलची चेन. पोरं चिखलात शिरून शोधतात आणि ज्याचं त्याला नेऊन देतात. पाणी गेलं की तळ खोटं बोलत नाही, असा त्यांचा हिशेब. हॉटेलवर आदल्या रात्री बसलेला माणूस आणि आता खडकाखडकात वाकून पाहणारा माणूस, दोन वेगळे होते. चाल बदलली होती. आवाजात जोर आला होता. “जवाईबापू, तुमी त्या अंगानं पाहा! कपारीत पाहा, कपारीत अटकते!”

मी पाहत होतो. काय सांगू, मीही पाहत होतो. डबक्यांत निळे मासे, काळे काटेरी गोळे, एक फुटलेली बादली. पायाखाली पोवळ्याचे टोकदार दगड. माझ्या पायात सँडल होते, सासरे अनवाणी. थोड्याच वेळात त्यांच्या मागे डबक्यांत लाल धागे तरंगताना दिसले.

“मामाजी, पाय कापले तुमचे. वापस चला.”

“कापन मंग कापन.”

मधेच एक जोडपं फोटो काढत उभं होतं. त्यातला पोरगा ओरडला, “अंकल, थोड़ा साइड में हो जाइए ना, फ्रेम में आ रहे हो.” सासरे बाजूला झाले. अगदी मुकाट्याने झाले, जणू त्याची जागा होती आणि हे चुकून शिरले होते. माझं डोकं फिरलं. त्या पोराच्या कानाखाली द्यावी असं वाटलं, पण त्याचा काय दोष? त्याला काय माहीत, म्हातारा वाकून काय शोधतो आहे? त्याला वाटलं असेल शिंपले.

जोडपं गेलं. बघता बघता आम्ही दोघेच उरलो. किनारा इतका मागे राहिला की हॉटेलचं निळं छप्पर बोटाएवढं दिसू लागलं. सासरे पांढऱ्या रेघेकडे चालतच होते. पाणी परत येईल हे मला माहीत होतं. पण मला वाटत होतं, ते समोरून येईल, लाटा घेऊन, आवाज करत. तेव्हा पळता येईल. ते आलं मागून, खडकांच्या फटींतून, चूपचाप. मी वळून पाहिलं तर आम्ही ज्या वाटेने आलो होतो तिथे पाणी चमकत होतं. मघाशी घोट्याएवढं होतं तिथे आता मांडीएवढं.

“मामाजी! पाणी चढून राहिलं!”

“चढते कसं? आता तं उतरलं!” त्यांचा खरोखर विश्वास बसत नव्हता. तलाव आठवड्याभरात बोटभर उतरतो, बोटभर चढतो. त्यांनी उभ्या आयुष्यात असं बेइमान पाणी पाहिलं नव्हतं. “आजून तं अर्धा तळ बी पाह्यला नाही. बंद करा मनावं कोनाले तरी!”

मग मी ओरडलो. जावयाने सासऱ्यावर ओरडू नये, पण ओरडलो. “कुणाला सांगू बंद करायला? इथं कुणी पाणकर नाही! तो नाही सापडायचा मामाजी, तो गेला! संजू गेला!”

ते थांबले. पाणी कमरेला लागत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमी जवाई हा, मनून आयकून घेतो.” आणि परत पाठ फिरवली.

मी त्यांचं धोतर धरलं. ते ओढत होते, मी ओढत होतो. पोहता मला येत नाही. त्या क्षणी मला रुचि आठवली, लेकरं आठवली, गोदामातल्या सतरंज्यासुद्धा आठवल्या, आणि या म्हाताऱ्याचा मला असा संताप आला की काय सांगू. एका पोरासाठी आणखी किती जण बुडवणार आहे हा? छातीला पाणी लागलं तेव्हा इंजिनाचा आवाज आला. निताई नावाचा एक डोंगीवाला, म्हणजे लहान होडीवाला होता, संजूचा दोस्त. त्याने किनाऱ्यावरून आम्हाला पाहिलं होतं. आधी मला ओढून वर घेतलं, मग दोघांनी मिळून सासऱ्यांना. ते डोंगीच्या तळाशी बसले. कापून पायांची नुसती लक्तरं झाली होती.

“चाचा, ये तालाब नहीं है,” निताई म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. “पानी रोज जाता है, रोज आता है. उधर करंट में जो गया, वो बर्मा तरफ निकल जाता है. कभी लौटाता है, कभी नहीं.”

“पानी जाते तं जाते. वापस कोन आनते?”

“चाँद खींचता है.”

सासऱ्यांनी वर पाहिलं. दिवसाढवळ्या कुठला चंद्र! स्वच्छ निळं आभाळ होतं, ऊन होतं. ते कितीतरी वेळ मान वर करून बसले. मग म्हणाले, “त्याले कोन सांगते?”

निताई माझ्याकडे बघायला लागला. 

“वो आपकी बहुत बात करता था,” निताई काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. “बोलता था, मेरा बाप पानी का मालिक है. जिधर बोले उधर पानी जाता है. हम लोग हँसते थे. लेकिन तैरता एकदम पक्का था. बोलता था, बाप ने सिखाया.”

हे त्याने बोलायला नको होतं. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मीच शिकोलं,” ते म्हणाले. “तलावाच्या पारीवरून फेकत होतो त्याले पान्यात. रडे, तरी फेको. पानी आपलंच हाय, भेऊ नोको, मनो. हे पानी वेगळं हाय, हे सांगाचं राहून गेलं. मले तरी कुठी माहीत होतं?”

दुपारी सासूबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आजही वाटतं, टाकायला नको होता.

“भेटला का?”

सासरे घसा खाकरून म्हणाले, “पानी उतरते, चढते. एका जागी थांबत नाही. पाहू तं कसं पाहू?”

 मग सासूबाई म्हणाल्या, “लोकाइचे तं सारे भेटले तुमाले.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर सासरे रोज वाळूवर जाऊन बसत, पण खडकांत उतरले नाहीत. पाणी यायचं, जायचं. ते नुसते पाहत. वारा विचारला नाही, बाजू सांगितली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईने पाय बांधून दिले, त्यावर वाळू चिकटलेली. मी इकडे पोलिसांचं, तिकडे परतीच्या तिकिटांचं पाहत होतो. तिकडे गोंदियात लग्नाचे मुहूर्त सुरू झाले होते, गिऱ्हाइकांचे फोन येत होते, आणि मी समुद्रकिनाऱ्यावर उभा राहून, हो, हो, शंभर गाद्या पाठवतो, असं सांगत होतो. माणसाचं असंच असतं. एका सकाळी ते स्वतःच उठून आले आणि म्हणाले, “चला घरी.” मी विचारलं नाही की आता काय झालं. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडी केशोरीहून आत वळली तेव्हा धान कापून झालेलं होतं, बांध्या रिकाम्या होत्या. अंगणात अर्धं गाव.  सासूबाई गाडीपाशी आल्या. आधी त्यांनी मागच्या सीटवर पाहिलं. मग गाडीला वळसा घालून मागे गेल्या आणि डिक्की उघडली. आत आमच्या दोन पिशव्या आणि संजूची एक बॅग. त्यांनी पिशव्या बाजूला सारून आतवर पाहिलं, हात घालून पाहिलं. मग डिक्की लावली आणि घरात निघून गेल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात चूल पेटत होती, माणसं येत-जात होती, पण सासूबाई ना रडत होत्या ना बोलत होत्या. रुचि म्हणाली, आई अशीच राहिली तर वेडी होईल. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, तिकडे बायको केली असेल, लपला असेल. कुणी म्हणे, पाणकराच्या हातून एवढी मढी निघाली, त्याचं हे. अशा लोकांचं काय करावं!

शेवटी क्रियाकर्म सांगणारे दुर्गाप्रसाद महाराज आले. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, देह मिळाला नाही म्हणून क्रिया अडत नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, वरून पिठाचा लेप द्यायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. शास्त्रात जवाचं पीठ सांगितलं आहे, पण आपल्याकडे जव कुठले, तांदळाचं चालेल.

“पानाचा पोरगा करता?” सासरे म्हणाले. “नाही. तो डोंगीवाला मने, कधी कधी देते वापस. आज नाही तं उद्या देईन.”

“करा,” आतून आवाज आला. एवढ्या दिवसांत सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. दारात येऊन उभ्या राहिल्या. “मले रडाले कायीतरी पायजे. हवेले पाहून कशी रडू? करा तुमी.”

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरची कुऱ्हाड घेतली आणि निघाले. मी मागे गेलो. तलावाच्या पारीपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, पळसाचं रान आहे. ते फांदी खाली ओढून एक एक पान तोडत होते, किडकं निघालं की टाकून देत होते. लग्नाच्या पत्रावळीला निवडावीत तशी निवडत होते. पायांच्या पट्ट्या सुटून मातीत लोळत होत्या, तिकडे लक्ष नव्हतं.

तलावाच्या काठीच, पारीखाली, जागा सारवून घेतली. मी गोदामातून सतरंज्या मागवल्या होत्या, त्या माणसांना बसायला टाकल्या. महाराजांनी नारळ ठेवला, खाली कुशाची काडी ठेवली आणि विचारलं, “केवढा होता?”

महाराजांनी पहिलं पान हातात घेतलं.

“उंची सांगा. त्या मापाने पानं लावायची.”

सासूबाईंनी हात आपल्या कपाळाशी नेला. “येवढा.” मग तो हात तसाच थांबला. “गेला तवा येवढा होता.”

तो गेला तेव्हा पोर होता, नुकतं मिसरूड फुटलेलं. माझ्या लग्नात त्याने माझे जोडे पळवले तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता. गाव सोडल्यापासून आम्ही कुणीच त्याला उभा पाहिला नव्हता. रोज दिसायचा, तासन् तास बोलायचा, कढई दाखवायचा, समुद्र दाखवायचा. पण व्हिडिओ कॉलवर माणूस छातीपर्यंतच दिसतो. रुचि माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. टापूवर इतकी माणसं भेटली, निताईसोबत डोंगीत बसलो, संजूच्या मालकाशी बोललो, पण एकालाही विचारलं नाही की आमचा पोरगा केवढा झाला होता. सुचलंच नाही. मला माझीच चीड आली.

“अंदाजाने धरा,” महाराज म्हणाले. “चालते.”

“थांबा,” सासरे म्हणाले.

ते पुढे आले. डोक्याची टोपी काढून माझ्या हातात दिली. नारळाच्या शेजारी डोकं टेकवलं आणि सारवलेल्या जमिनीवर उताणे झोपले. हात अंगाला लावले, पाय जुळवले. गर्दीतून कुणीतरी “अरे अरे” म्हणालं. महाराज घाईने म्हणाले, “शालीकराम, उठा. जित्या माणसानं असं झोपू नाही.”

“पोट्टा बापाएवढा तं झालाच असन,” ते आभाळाकडे पाहत म्हणाले. “तुमी पानं लावा.”

 मग सासूबाई उठल्या. त्यांच्या पायाशी येऊन बसल्या. नवऱ्याच्या फाटलेल्या टाचांना लागून त्यांनी बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. ती पाहिली. पुसली. आणि चार बोटं आणखी खाली दुसरी ओढली.

“तिकडं मच्छी खात होता रोज,” त्या म्हणाल्या. “वाढला असन.”

आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने, छाती बडवत, सगळ्या तलावावर आवाज जाईल अशा. रुचि त्यांना धरायला धावली. मी महाराजांना पानं देऊ लागलो, आणि ते नारळापासून त्या दुसऱ्या रेघेपर्यंत एकेक लावत गेले. पानं लावून होईपर्यंत सासरे शेजारी तसेच पडून होते.